मंडळाची मोठी गाडी: करकपातीनंतरचा खरा हिशेब



22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू आणि सेवा कराचे, म्हणजे जीएसटीचे, नवे दर लागू झाले. चालकासह दहा किंवा अधिक माणसे नेणाऱ्या गाड्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हापासून इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक विषय वारंवार निघतो. मंडळाची स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर का असू नये? काही एकत्र कुटुंबांतही हाच विचार चालू आहे. चार भावांच्या चार मोटारी काढण्यापेक्षा एकच मोठी गाडी घ्यावी, कुलदैवताला सगळ्यांनी मिळून जावे, अशी ही कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे आणि तिच्यामागे गरजही खरी आहे. मध्य प्रदेशात राज्य परिवहनाची बससेवा 2005 मध्येच बंद झाली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हाताशी एस.टी. असते, आपल्याला तो आधार नाही. राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली, पण तिची रचना खासगी बसमालकांच्या सहभागावरच उभी आहे. आपली वस्तीही आता पांगली आहे. एके काळी रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर एवढ्यात निमंत्रणे वाटून होत असत. आता तरुण पिढी बायपासच्या पलीकडे राहायला गेली आहे आणि ज्येष्ठ मंडळी जुन्या घरांत एकटी आहेत. संध्याकाळच्या कार्यक्रमाला यायची त्यांना इच्छा असते, पण रात्री परत कोण सोडणार या विचाराने ती येत नाहीत. गाडीचा विषय निघतो तो इथून.

म्हणून या प्रश्नाकडे हौस म्हणून न पाहता हिशेब म्हणून पाहावे असे आम्हाला वाटते. बँकेतल्या नोकरीत वाहनकर्जाचे प्रस्ताव तपासताना एक गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. गाडी घेताना माणूस किंमत विचारतो, हप्ता विचारतो. ती वर्षभर दारात उभी ठेवायला काय लागते, हे सहसा कोणी विचारत नाही. करकपातीने गाडी घेणे स्वस्त झाले आहे. ती पोसणे स्वस्त झालेले नाही.

करात नेमके काय बदलले

आधी कर समजून घेऊ. यात सगळे आसनसंख्येवर ठरते आणि आसने मोजताना चालकाचे आसनही धरायचे असते.

चालकासह नऊ किंवा त्याहून कमी आसने असतील तर कायद्याच्या दृष्टीने ती मोटारच. लांबी 4 मीटरपेक्षा जास्त असलेल्या अशा मोठ्या गाडीवर आता 40 टक्के कर आहे. चालकासह दहा आसने झाली की तीच गाडी दुसऱ्या वर्गात जाते आणि कर 18 टक्के होतो. पूर्वी दहा ते तेरा आसनांच्या गाड्यांवर 28 टक्क्यांशिवाय 15 टक्के उपकरही होता. तो आता गेला. म्हणजे सर्वांत मोठा फायदा या मधल्या गटाला झाला आहे.

एक उदाहरण घेऊ. करापूर्वीची किंमत 14 लाख रुपये धरली, तर चौदापेक्षा जास्त आसनांची गाडी पूर्वी 17.92 लाखांना पडायची, ती आता 16.52 लाखांना पडेल. बचत 1.40 लाख. दहा ते तेरा आसनांची गाडी पूर्वी 20.02 लाखांना पडायची, तीही आता 16.52 लाखांतच येईल. तिथे बचत 3.50 लाख. शोरूममध्ये "नऊ आसनी" म्हणतात तेव्हा त्यात चालक धरला आहे की नाही, हे लेखी विचारावे. त्या एका आसनामुळे कर दुपटीहून अधिक होऊ शकतो.

टोलचेही असेच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोल नियमांत चालक सोडून बारापर्यंत आसने असलेली हलकी गाडी मोटारीच्या वर्गात बसते. तेरावे आसन आले की ती मिनीबस होते आणि टोल वाढतो. 15 ऑगस्ट 2025 रोजी 3,000 रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पासही फक्त खासगी मोटार, जीप आणि व्हॅन यांनाच मिळतो. तो एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो. सव्वीस आसनी गाडी घेऊन अर्धी रिकामी पळवण्यापेक्षा बारा अधिक चालक ही गाडी कर आणि टोल दोन्ही दृष्टींनी सोयीची आहे.

आणखी दोन लहान बाबी. गाडीची किंमत 10 लाखांच्या वर असेल तर विक्रेता 1 टक्का टीसीएस कापतो. तो खर्च नव्हे, आपल्या नावावर जमा झालेला आयकर आहे. संस्थेने विवरणपत्र भरून तो परत मागायचा असतो, पण अनेक संस्था विसरतात. दुसरी बाब ग्वाल्हेरकरांना ठाऊक आहेच. ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात वाहन घेतल्यास मध्य प्रदेश शासन वाहनकरात 50 टक्के सवलत देत आले आहे आणि 2024 पासून उज्जैनच्या मेळ्यातही तशी सवलत मिळू लागली. मात्र नोंदणी त्याच शहराच्या आरटीओत करावी लागते, आणि सवलत दर वर्षी शासनाचा आदेश निघाल्यावरच लागू होते. गाडी घ्यायचीच असेल तर दोन-तीन महिने थांबून मेळ्याचा आदेश पाहणे शहाणपणाचे.

उभ्या गाडीचा खर्च

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. खालचे आकडे आम्ही हिशेबासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपापल्या चौकशीप्रमाणे ते बदलून घ्यावेत, पण रीत हीच ठेवावी.

समजा, कर, विमा, नोंदणी धरून गाडी 20 लाखांना रस्त्यावर आली. दहा वर्षे वापरली आणि शेवटी 5 लाखांना विकली. मग दर वर्षाचा खर्च असा:

- घसारा: 1,50,000 रुपये
- गुंतलेल्या रकमेवरील बुडालेले व्याज (सरासरी 12.5 लाखांवर 7 टक्के): 87,500 रुपये
- चालकाचा पगार (महिना 18,000): 2,16,000 रुपये
- विमा, फिटनेस, पीयूसी वगैरे: 75,000 रुपये
- सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, दुरुस्ती: 60,000 रुपये

एकूण 5,88,500 रुपये. यात डिझेलचा एक थेंबही नाही. डिझेल लिटरला 92 रुपये आणि गाडी लिटरला 10 किलोमीटर धरली तर किलोमीटरला 9.20 रुपये वेगळे.

करकपातीची 1.40 लाखांची बचत दहा वर्षांत वाटली तर वर्षाला 14,000 रुपये होतात. चालकाच्या एका महिन्याच्या पगारापेक्षाही ही रक्कम कमी आहे. 3.50 लाखांची बचत धरली तरी वर्षाला 35,000, म्हणजे दोन पगारांपेक्षा कमी. "कर कमी झाला, आता घेऊनच टाकू" या वाक्यात एवढेच बळ आहे.

आता भाड्याशी तुलना करू. भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरला 30 रुपये धरू. टोल आणि पार्किंग दोन्हीकडे सारखेच म्हणून सोडून देऊ. स्वतःच्या गाडीने किलोमीटरमागे 20.80 रुपये वाचतात. 5,88,500 रुपये भरून निघायला वर्षाला सुमारे 28,300 किलोमीटर गाडी चालली पाहिजे, म्हणजे आठवड्याला साधारण 545 किलोमीटर. एवढी गाडी पळाली तर टायर आणि दुरुस्तीचा खर्चही वाढेल, म्हणजे हा आकडा आणखी वर जाईल.

आपल्यासारख्या मंडळाची गाडी किती पळेल? वर्षाला सहा मोठ्या सहली, प्रत्येकी 1,200 किलोमीटर, आणि ज्येष्ठांना आणण्या-सोडण्यासाठी पन्नास संध्याकाळी, प्रत्येकी 40 किलोमीटर. एकूण 9,200 किलोमीटर. स्वतःच्या गाडीने हा खर्च 6,73,140 रुपये होतो. भाड्याने सहलींचे 2,16,000 होतात. संध्याकाळच्या फेऱ्यांना किलोमीटरचा दर चालत नाही, किमान भाडे द्यावे लागते. ते 3,500 रुपये धरले तर 1,75,000. एकूण 3,91,000 रुपये. फरक वर्षाला सुमारे 2,82,000 रुपयांचा.

हा फरक पाहून गाडीचा विचार सोडूनच द्यावा असे आमचे म्हणणे नाही. तीनशे सभासदांच्या मंडळात तो माणशी 940 रुपये येतो. ज्येष्ठांसाठी गाडी केव्हाही हाताशी असावी, यासाठी सभासद एवढे द्यायला तयार असतील तर तो त्यांचा हक्क आहे. पण आपण ही रक्कम दर वर्षी देणार आहोत, हे सभेत आकड्यांनिशी सांगून मग हात वर करायला लावावेत. एखाद्या दात्याने गाडी दिली तरी घसारा आणि व्याज एवढेच वाचते. चालक, विमा, टायर मंडळाच्याच माथी येतात. आणि दहा वर्षांनी नवी गाडी घ्यायची तर त्यासाठी घसाऱ्याची रक्कम दर वर्षी वेगळ्या मुदत ठेवीत टाकावी लागते. ताळेबंदात नुसता घसारा लिहून गाडी येत नाही.

"चालक कशाला, आपणच चालवू"

हिशेब मांडला की हे उत्तर हमखास येते. पगार वगळला तरी वरच्या उदाहरणात स्वतःची गाडी भाड्यापेक्षा 66,000 रुपयांनी महागच पडते. पण पैशांहून मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे.

परवान्यापुरता विचार केला तर अडचण आता कमी झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे व्यावसायिक वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. ट्रॅव्हलर, विंगर, अर्बेनिया या गाड्या या मर्यादेच्या आत येतात. त्यामुळे केवळ परवान्यावर व्यावसायिक वाहनाची नोंद नव्हती, एवढ्या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारणे आता कठीण आहे.

पण परवाना असणे आणि गाडी हातात बसणे यांत फरक आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 2001 मध्ये पंधरा आसनी व्हॅनबद्दल जाहीर इशारा दिला होता. दहा किंवा अधिक माणसे बसली की अशी गाडी उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असतानाच्या जवळजवळ तिप्पट होते, असे त्यांच्या पाहणीत दिसले. कारण साधे आहे. माणसे बसली की गाडीचा भार वर आणि मागे सरकतो. वर टपावर बिछाने, भांडी, पाण्याचे कॅन चढवले की तो आणखी वर जातो. मोटार चालवणारा ज्या वेगाने वळण घेतो, त्या वेगाने ही गाडी वळत नाही.

आपला रस्ताही सरळ नाही. महाराष्ट्रात जायचे तर आग्रा-मुंबई रस्त्याने धामनोद, सेंधवा करून धुळ्याकडे उतरावे लागते. गणपती घाटाचे नाव आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ब्रेक निकामी होऊन तिथे किती अपघात झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तिथे नवा पर्यायी रस्ता झाला आहे, तरी नियम तोच आहे. भरलेली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरवायची. सतत ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. पंढरपूर इथून साडेसहाशे किलोमीटरच्या घरात आहे. कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाचे तास आठ धरले आहेत. रात्री अकराला निघून सकाळी दर्शन, ही आपली आवडती पद्धत एका चालकावर चालवणे म्हणजे पंधरा जणांचा जीव एका माणसाच्या झोपेवर टांगणे.

उत्साही मंडळी बहुतेक साठीच्या पुढची असतात, आम्हीही त्यांतलेच. पंचावन्न ओलांडल्यावर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. कायद्याने ही पायरी उगाच ठेवलेली नाही.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

या भागाकडे सर्वांनी विशेष लक्ष द्यावे ही विनंती.

गाडी खासगी म्हणून नोंदली तर पाटी पांढरी आणि परमिट लागत नाही. भाडे घेऊन माणसे न्यायची असतील तर व्यावसायिक नोंदणी, पिवळी पाटी, परमिट, ठरावीक काळाने फिटनेस, वेगनियंत्रक, गाडीचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र हे सगळे लागते. पहिल्या आठ वर्षांत फिटनेस दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मधला मार्ग काढला जातो. गाडी पांढऱ्या पाटीची, आणि सहलीला माणशी अमुक रुपये "वर्गणी" किंवा "देणगी". पावतीवर भाडे हा शब्द नसला की झाले, असा समज आहे. पण अपघात झाला की प्रकरण न्यायाधिकरणासमोर जाते आणि तिथे शब्द पाहत नाहीत, व्यवहार पाहतात. आसनामागे पैसे घेतले असतील तर ते भाडे ठरू शकते. खासगी गाडी भाड्याने चालवली हा विम्याच्या अटीचा भंग आहे आणि मोटार वाहन कायद्याने विमा कंपनीला हा बचाव दिलेला आहे. जखमींना आधी भरपाई द्या आणि नंतर मालकाकडून वसूल करा, असा आदेश अशा प्रकरणांत अनेकदा होतो. मालक म्हणजे इथे मंडळ. वसुली म्हणजे मंडळाच्या ठेवी, सभागृह, आणि कर्ज असेल तर ज्या पदाधिकाऱ्यांनी हमीदार म्हणून सह्या केल्या त्यांची घरे. दोन पिढ्यांनी जमवलेला निधी एका सहलीत जाऊ शकतो.

विम्याचीही तपासणी हवी. केवळ कायद्यापुरती, म्हणजे थर्ड पार्टी, पॉलिसी असेल तर फुकट बसलेल्या प्रवाशांना तिचा भरवसा धरता येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी हवी, प्रत्येक आसनाचा अपघात विमा हवा आणि पगारी चालकासाठीचे संरक्षण वेगळे घ्यायला हवे. व्यक्तीच्या नावावरील गाडीला 15 लाखांचा मालक-चालक अपघात विमा सक्तीचा असतो. संस्थेच्या नावावरच्या गाडीला तो लागू होत नाही. म्हणजे आपला स्वयंसेवक चक्रावर बसला असेल तर त्याच्यासाठी मंडळानेच वेगळा विमा काढायला हवा.

"मग पिवळी पाटीच घेऊ, रिकाम्या दिवशी गाडी भाड्याने देऊ, सिंहस्थात पैसे वसूल होतील," असेही कोणी म्हणते. 2027 मध्ये नाशिकला आणि 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. गाड्यांचे भाव चढतील यात शंका नाही. पण दोन मोसमांसाठी दहा वर्षांची मालमत्ता घेणे हा वाहतूकदाराचा धंदा आहे. त्याच्याकडे चालक आहेत, मेकॅनिक आहे, आरटीओत जाणारा माणूस आहे. मंडळाकडे यातले काय आहे? शिवाय धर्मादाय संस्थेने असे उत्पन्न मिळवायला लागल्यावर आयकराचा प्रश्न येतो. सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्टांच्या संस्थांना व्यवसायसदृश उत्पन्न एकूण जमेच्या 20 टक्क्यांपर्यंतच चालते. ती मर्यादा ओलांडली तर त्या वर्षाची करमाफी धोक्यात येते.

जुनी गाडी, सुधारलेली गाडी

काही कुटुंबांकडे तूफान किंवा जुनी ट्रॅव्हलर आधीपासून आहे. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: हीच नीट करून घ्यावी की बदलावी?

पहिली सूचना दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्यामुळे त्या आपल्याकडे कमी किमतीत विकायला येतात. किंमत पाहून मोहात पडण्यापूर्वी तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद, थकीत चलने आणि इथे नव्याने भरावा लागणारा कर, हे सगळे पाहावे. जुन्या गाडीचे वयही आता महाग झाले आहे. 20 वर्षांपुढील खासगी हलक्या वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये झाले. उलट, अधिकृत भंगार केंद्रात गाडी जमा करून प्रमाणपत्र घेतले तर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

दुसरी सूचना आतल्या सजावटीबद्दल. मागे एक बाक वाढवून घेणे, सोफ्यासारखी आसने, मोठे पडदे, जादा एसी, दिव्यांच्या माळा आणि त्यासाठी ओढलेल्या तारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फरक परवानगीशिवाय करता येत नाही. आसन वाढवले की नोंदणीपुस्तकातली आसनसंख्या आणि प्रत्यक्षातली माणसे जुळत नाहीत आणि विमा पुन्हा अडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये जैसलमेरजवळ एका खासगी वातानुकूलित बसला आग लागून वीसहून अधिक माणसे गेली. साध्या बसची वातानुकूलित बस करून घेतल्याची चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्नूलजवळ दुसरी बस जळाली. आग लागल्यावर दार उघडायला हाताशी काही क्षणच असतात. मागच्या दारापुढे जादा बाक टाकलेला असेल तर ते क्षणही जातात. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगले टायर, प्रत्येक आसनाला पट्टा, अग्निशामक, काच फोडायची हातोडी आणि ज्येष्ठांसाठी खालची पायरी व धरायचा दांडा यांवर करावेत. पायरी आणि दांडाही आरटीओला विचारूनच बसवावेत.

तिसरी सूचना कमी पळणाऱ्या गाडीबद्दल. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. नुसत्या गल्लीतल्या फेऱ्यांनी ती तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते. टायरही उभ्या उभ्या म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी हा आकडा वाचून वय पाहावे. मंडळाची गाडी बहुतेक दिवस उभीच असणार, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आमचे मत

कुटुंबाने गाडी घेणे आणि संस्थेने घेणे यांत भेद करावा. मोठ्या कुटुंबात दहा-बारा माणसे नेहमी एकत्र हिंडत असतील, चालवणारा अनुभवी माणूस घरात असेल आणि कोणाकडून पैसे घ्यायचे नसतील, तर बारा अधिक चालक अशी पांढऱ्या पाटीची गाडी या घडीला पूर्वीपेक्षा नक्कीच परवडते. नोंदणी एकाच्या नावावर आणि खर्च चौघांचा असे असेल तर कोण किती देणार, विकल्यावर वाटणी कशी होणार, हे कागदावर लिहून ठेवावे. भावाभावांत हिशेब लिहिण्यात कमीपणा नाही. तो न लिहिल्यामुळे बोलणे थांबलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

मंडळाने मात्र सध्या गाडी घेऊ नये असे आमचे मत आहे. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीला सहली आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक ठरवून एखाद्या स्थानिक वाहतूकदाराशी वार्षिक करार करावा. दोन-तीन मंडळे एकत्र आली तर दरही उतरेल आणि सिंहस्थाच्या वर्षांत ऐन वेळी गाडी मिळत नाही असे होणार नाही. करारात पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: पिवळ्या पाटीचीच गाडी, चालू परमिट आणि फिटनेस, सर्वसमावेशक विमा, लांबच्या प्रवासाला दोन चालक, आणि टपावर सामान न ठेवणे. गाडीच्या क्रमांकावरून नोंदणी, विमा, फिटनेस या तारखा एमपरिवहन ॲपवर घरबसल्या दिसतात. निघायच्या आदल्या दिवशी त्या पाहण्याचे काम कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदाकडे नावानिशी द्यावे.

ज्येष्ठांच्या संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी आपण वर 1,75,000 रुपये धरले. तीनशे सभासदांत ही रक्कम माणशी 585 रुपयांच्या आत येते. येत्या सर्वसाधारण सभेत गाडीचा ठराव मांडण्याआधी या रकमेचा "ज्येष्ठ प्रवास निधी" मांडावा आणि वर्षभर चालवून पाहावा. किती फेऱ्या झाल्या, किती जण आले, याची वहीत नोंद ठेवावी. एका वर्षाने त्या वहीत आठवड्याला पाचशे किलोमीटरच्या घरात चाल दिसली, तर आम्ही स्वतः गाडीच्या बाजूने हात वर करू. न दिसली तरी आपले ज्येष्ठ वर्षभर कार्यक्रमांना आलेले असतील, आणि निधी सुरू करण्याचे मूळ कारण तेच आहे.